जानेवारी 1967 चे पेपर आणि एक रकाना

मला जानेवारी 1967 चे मराठी पेपर वाचायचे होते. बस्स. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, याचा तेव्हा जनमत कौल झाला. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. आमच्या घरात फुलवालेही होते आणि दोन पानवालेही. अजून जेवताना विषय निघाला की जो तो ऐकीव ठोकून देतो. म्हटलं, तेव्हा छापून काय आलं होतं ते तरी बघू.

ग्रंथालयाचं नाव घेत नाही. सभासदत्व, डिपॉझिट पटकन झालं. अडलं ते जुन्या पेपरांच्या अर्जावर. त्यात रकाना, 'वाचनाचा उद्देश'. मी लिहिलं, 'वाचन'. खिडकीतल्या बाईंनी त्यावर पेनाचं टोक टेकवलं. "कित्याक जाय?" वाचायला. "पीएचडी करता?" नाही. "पत्रकार?" नाही. "मग कॉलेजाचं पत्र आणा." या वयात कुठलं कॉलेज मला पत्र देणार? मग साहेब रजेवर, नंतर साहेब मिटिंगीत. भेटले तेव्हा म्हणाले, "विषय नाजूक आहे हो." 1,72,191 विरुद्ध 1,38,170 मतांनी कधीच निकालात निघालेला विषय! पोर्तुगीज अमदानीत सेन्सॉर छापण्याआधी बसायचा. इथे छापून, बांधून, कपाटात गेल्यावर.

शेवटी माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. 2005 च्या त्या कायद्यात कलम 6(2) आहे: माहिती कशाला हवी, हे अर्जदाराने सांगायची गरज नाही. गंमत बघा, सरकारी फाइल विनाकारण मागता येते, जुना पेपर नाही. अर्जात 'पेपर का देत नाही' असं विचारू नका, 'का'ला उत्तर येत नाही. कागद मागा. मी एवढंच मागितलं: पत्राची सक्ती ज्या लेखी नियमाने आहे, त्याची प्रत. 30 दिवसांच्या मुदतीत उत्तर आलं, असा नियम अभिलेखात नाही. ते उत्तर खिडकीवर ठेवलं आणि खंड बाहेर आला.

पेन्सिल न्या, पेन ठेवून घेतात. झेरॉक्सचा हट्ट धरू नका. खंड दाबला की शिवण उसवते, आणि कागद आधीच पापडासारखा, माझ्या बाहीला काठाचा भुगा लागला होता. फ्लॅशविना फोटो काढायची परवानगी मात्र अर्जातच मागून ठेवा, हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं. आणि फक्त 16 जानेवारीचा अंक मागू नका. त्या दिवशी मतदान झालं, मोजणीची धमाल पुढच्या अंकांत आहे.

रकाना अजून तसाच आहे. मी अजून 'वाचन' लिहितो. बाई आता मुकाट शिक्का मारतात.