पदराला टोचलेली सुई

पहाटे साडेतीन वाजता वारीतल्या मैत्रिणीचा फोन आला आणि दरवर्षीप्रमाणे ती एवढेच म्हणाली, "निघाले गं." मी अंघोळ उरकून, गळ्यातली माळ सारखी करत दाराशी उभीच होते. माउलींचे प्रस्थान अष्टमीला आळंदीहून होते, नवमीला पालखी पुण्यात येते, दशमीला भवानी पेठेत पालखी विठोबापाशी मुक्कामी असते. तरी आम्हां दोघींचा पहिला दिवस तो एकादशीचा, पुण्याहून सासवडला जाण्याचा. नोकरीत असताना रजा मिळायची ती याच एका दिवसाची. सासवडला पोहोचून रात्रीची बस पकडायची आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे, अशी कित्येक वर्षे गेली. आता निवृत्तीनंतर आम्ही दिंडीत भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाची वर्गणी, भरतो आणि थेट पंढरपुरापर्यंत चालतो, पण एकादशीच्या आदल्या रात्री झोप न येणे काही सुटलेले नाही.

2001 पासूनची ही सोबत. मध्ये 2020 आणि 2021 या दोन वर्षी पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या दोन्ही एकादशींना ती तिच्या गच्चीवर आणि मी माझ्या गच्चीवर, फोन कानाला लावून, हरिपाठ म्हणत तासन् तास चालत होतो. मधेच दोघींचा आवाज दाटून यायचा आणि मग फक्त तिच्या चपलांचा घासल्यासारखा आवाज ऐकू यायचा. तो आवाज आला की मी पुढचा अभंग उचलायचे.

भवानी पेठेत पोहोचलो तेव्हा काकडा होऊन गेला होता आणि गल्ल्यांमधून दिंड्या रांगेला लागत होत्या. आमची दिंडी रथामागची. विणेकरीबुवांच्या पाया पडलो, ट्रकमध्ये पिशव्या टाकल्या आणि उजाडता उजाडता पाऊले पडू लागली. भूपाळ्या, वासुदेव, आंधळे, पांगळे अशा क्रमाने अभंग पुढे सरकत होते. पूलगेटपाशी मात्र मला दरवर्षी होणारा त्रास याही वर्षी झाला. दोन्ही बाजूंना स्वागताचे मांडव, प्रत्येक मांडवात ध्वनिक्षेपक, आणि त्यावर कोणाचे तरी नाव घेऊन चाललेली निवेदने. आमच्या शेजारून चालणाऱ्या पखवाजाची थाप आम्हांलाच ऐकू येईना. केळी, राजगिऱ्याचे लाडू, पाण्याच्या पिशव्या हातात कोंबल्या जात होत्या आणि त्याच पिशव्या पायाखाली येत होत्या. देणाऱ्यांचा भाव खरा असतो हे मी जाणते. पण टाळ चुकला की मला शारीरिक वेदना झाल्यासारखे होते आणि हडपसरपर्यंत तो चुकतच राहिला.

हडपसरला तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते आणि माउलींची सासवडकडे वळते. तिथे आम्ही दोघी नेहमी वळून एकदा हात जोडतो.

उरुळी देवाचीच्या अलीकडे पाऊस आला. पाऊण तास पडला आणि थांबला, पण पायमोजे भिजायचे ते भिजलेच. बूट नवे नव्हते, दोन महिने रोज पर्वतीच्या पायऱ्या चढउतरून मी ते पायाच्या सवयीचे केले होते. ओल्या मोज्याने मात्र दीड तासात दगा दिला. उजव्या टाचेच्या वर आधी चुरचुरले, मग जळजळू लागले, आणि वडकी नाल्याचा विसावा आला तेव्हा तिथे रुपयाएवढा टरारलेला फोड होता. मी तिला सांगितले. ती म्हणाली, "दिवेघाट लागण्याआधी आपण दहा मिनिटे नीट बसू, मी बघते." मी त्या शब्दावर निर्धास्त झाले.

विसाव्याचा सगळा वेळ माझा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला. ज्या बाईला तिथे उभे राहावे लागलेले नाही तिला त्या रांगेची कल्पना यायची नाही. पुढे साठ-सत्तर बायका, ऊन एकदम तापलेले, चिखलातून वाफ येत होती आणि पोटात उपास. परत आले तर दिंडी उभी राहिली होती. तुळस घेणाऱ्या ताईंना घेरी आल्यामुळे त्या सावलीत बसल्या होत्या आणि तुळशीवृंदावन माझ्या मैत्रिणीच्या डोक्यावर होते. मी तिच्या जवळ जाऊन म्हटले, "अगं, दहा मिनिटे म्हणाली होतीस." तिने मान न हलवता, नजर समोर ठेवून सांगितले, "आता नाही थांबता यायचे. तू हळूहळू ये." आणि पखवाजावर थाप पडली.

मी रस्त्याच्या कडेच्या खडीच्या ढिगावर बसले. माझ्यासमोरून एकामागून एक दिंड्या जात होत्या, भगव्या पताकांची रांग संपत नव्हती, आणि मला त्यांच्यातले काही ऐकू येत नव्हते. इतक्या वर्षांत तिने मला कितीदा असे मागे टाकले याचा हिशेब मी करत होते. माझ्या मुलीच्या लग्नात ती अक्षता पडल्यावर पोहोचली होती. माझ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आठ दिवस तिने फोनसुद्धा केला नव्हता. एकेक आठवत गेले आणि प्रत्येक गोष्टीने टाच अधिक दुखू लागली. माउलींच्या वाटेवर बसून मी हे करत होते, हे कळत असूनही थांबवता येत नव्हते.

"पाय इकडं कर माय."

माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, कधी बसल्या ते मला कळले नव्हते. सत्तरीच्या पुढच्या, हिरवे नऊवारी लुगडे गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले, कपाळावरचा बुक्का घामाने ओघळलेला, पाय अनवाणी. परभणीकडच्या होत्या. मी संकोचाने पाय मागे घेतला, तर त्यांनी घोटा धरून तो सरळ आपल्या मांडीवर ओढला. कमरेची पिशवी सोडून त्यांनी एक चपटी डबी काढली. तिच्यात एक सुई, काळ्या दोऱ्याचे लहानसे रीळ, हळकुंडाचा तुकडा, काडेपेटी आणि तेलात भिजवलेला कापसाचा बोळा एवढेच होते. त्यांनी काडी ओढून सुईचे टोक ज्योतीत धरले, ते लाल होऊन काळे पडेपर्यंत. मग दोरा ओवला, तो तेलाच्या बोळ्यातून दोनदा ओढला आणि हळकुंडावर घासून पिवळा केला. त्यांच्या बोटांची पेरे फुगलेली, नखे मातीने भरलेली, पण सुई इतकी हलकी चालली की फोडाच्या एका कडेने ती आत जाऊन दुसऱ्या कडेने बाहेर आली तेव्हा मला फक्त ओलावा जाणवला. दोऱ्याच्या दोन्ही टोकांवरून पाणी ठिबकू लागले. त्यांनी दोरा दाताने तोडला, दोन्हीकडे बोटभर शेपटी ठेवली आणि म्हणाल्या, "दोरा काढू नको. पाणी याच्यावाटं निघून जातंय, कातडं तसंच राहतंय. कातडं काढलंस तर चार दिवस चालता यायचं नाही."

मग टाच हातात धरूनच त्यांनी विचारले, "एकलीच हाईस?"

मी सगळे सांगितले. मैत्रीण, दहा मिनिटांचा शब्द, लग्न, शस्त्रक्रिया. एका अनोळखी बाईपुढे मी दहा मिनिटे तक्रार करत राहिले आणि त्या माझ्या ओल्या मोज्याची घडी घालत ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "तुळस व्हती ना डोक्यावर? मग कशी थांबंल ती?" बोलणे एवढेच. त्यांनी आपल्या लुगड्याच्या काठाची एक चिंधी फाडली, टाचेभोवती बांधली, आणि तेवढ्यात त्यांच्या दिंडीतल्या कोणीतरी हाक मारली. मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला, तर त्याही वाकल्या आणि आमची डोकी एकमेकींना लागली. "चल माउली," म्हणत त्या पळतच रांगेत शिरल्या. दिंडीचा क्रमांक पाहायचे मला सुचलेच नाही.

घाट मी एकटीने चढले. बूट हातात घेतले होते आणि ओल्या डांबराचा खरबरीतपणा तळव्यांना बरा वाटत होता. रथ केव्हाच पुढे गेला होता. घाटासाठी त्याला जादा बैलजोड्या लावतात, ते बघायला आम्ही दरवर्षी कठड्यापाशी उभ्या राहतो, ते या वर्षी हुकले. रस्ता रुंद करण्यासाठी डोंगर कापला आहे, त्या उघड्या दरडींवर चढून लोक फोटो काढत होते, आणि एका तरुणाने चालत्या बायकांना "मागे या, पुन्हा एकदा फुगडी घाला" असे सांगितले तेव्हा मी त्याच्यावर ओरडले. त्याने माफी मागितली. खाली मस्तानी तलाव दिसत होता आणि वडकीपासून वळणावळणाने वर येणारी माणसे. एका अनोळखी दिंडीने हरिपाठ धरला. मी त्यांच्या शेवटच्या रांगेत शिरले. कोणी विचारले नाही. एका मुलीने आपल्या हातातल्या टाळांची जोडी मला दिली आणि स्वतः टाळ्या वाजवू लागली. कुठल्याशा अभंगाला माझा आवाज फुटेना. मी शेजारी पाहिले, गच्चीवरून फोनमधून येणारा तो चपलांचा आवाज शोधावा तसे.

झेंडेवाडीला ती थांबली असेल असे मी धरून चालले होते. ती नव्हती. पुन्हा राग आला, पहिल्यापेक्षाही जास्त.

सासवडला पालखीतळावर पोहोचले तेव्हा अंधार पडला होता आणि दिंड्या समाजआरतीसाठी गोलाकार उभ्या राहत होत्या. गर्दीतून कोणीतरी माझे मनगट पकडले आणि मला रांगेत ओढले. ती होती. आम्ही एकमेकींशी बोललो नाही. सगळीकडून टाळांचा एकच कल्लोळ चालला होता. मग चोपदारांनी चांदीचा दंड उंच केला, "हो" अशी आरोळी दिली आणि एवढा मोठा समुदाय एका क्षणात गप्प झाला. एका दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहिले. ज्यांची काही तक्रार असते ते टाळ थांबवत नाहीत. चोपदार त्यांच्यापाशी जातात, ऐकून घेतात, मगच ते टाळ शांत होतात. चोपदार चालत गेले. सुमारे 30 किलोमीटर चालून आलेली, उपाशी माणसे त्या एका दिंडीचे म्हणणे ऐकून होईपर्यंत हालचाल न करता उभी राहिली. टाळ थांबले. हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या गेल्या, आरती झाली.

राहुटीत आल्यावर तिने माझ्यापुढे शेंगदाण्याचा लाडू ठेवला आणि विचारले, "रागावली आहेस?"

"हो."

"झेंडेवाडीला तासभर उभी होते मी. तू कडेने येशील असे वाटले, म्हणून कठड्याच्या बाजूला उभी राहिले."

"मी दुसऱ्या दिंडीत होते, मधे."

"बरं," ती म्हणाली, "उद्या इथे मुक्कामच आहे. काय काय साठले आहे ते सगळे सांग, मी कुठे जात नाही."

तिला मान वळवता येत नव्हती. मी बसल्या जागेवरून सरकून तिच्या मानेला तेल लावू लागले, तर ती एकदम म्हणाली, "टोचतंय काहीतरी." पाहिले तर माझ्या पदराला सुई. आजींनी दोरा तोडताना ती तिथे टोचून ठेवली असणार आणि हाक आल्यावर विसरून गेल्या असणार. मी टाचेचा पिवळा दोरा तिला दाखवला. दिव्याजवळ पाय धरून ती तो बराच वेळ न्याहाळत राहिली.

"पंढरपूर अजून लांब आहे," ती म्हणाली. "त्यांच्या दिंडीत कितीजणींना लागेल ही. उद्या सकाळी शोधू."

"क्रमांक पाहिला नाही मी."

"लुगडे हिरवे, परभणीकडच्या, रथामागची दिंडी. एवढे पुष्कळ आहे."

तिने सुई माझ्या पदरातून काढली, आपल्या पिशवीच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला टोचली, टोक बोटाने चाचपून पाहिले आणि दिवा मालवला.