करवती काठ आणि ट्यूबलाइट

बुधवार, रात्र

नागपूरच्या इतवारीतल्या कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांच्या दुकानाचं काम घेतलंय. काउंटर, मागची भिंत, पाटी, पिशव्या, सगळंच नवं करायचं आहे. पण त्याआधी मूडबोर्ड, म्हणजे रंग, फोटो, कापडाचे नमुने एकत्र लावलेला फळा. दुकान सासऱ्यांचं, पुढाकार सुनेचा. ताई म्हणाल्या, "क्लासी पाहिजे, पण आपलं वाटलं पाहिजे." काका म्हणाले, "झगमग नको, पण उठून दिसलं पाहिजे." दोघांचंही खरं, फक्त तेवढ्यावरून साधी एक खुर्चीसुद्धा निवडता येत नाही. म्हणून तर बोर्ड लावायचा. क्लासी म्हणजे तुम्हाला नेमकं काय दिसतं, ते समोर आलं की त्यावर बोट ठेवून भांडता येतं. निदान मी तरी बोर्ड भांडायसाठीच करते.

ताईंनी पिंटरेस्टवरून भरपूर जमवून पाठवलं होतं. बेज भिंती, कमानी, वेताचे दिवे, फुलदाणीत वाळलेलं गवत. देखणं आहे, पण हे दुकान पुण्यातही चालेल आणि जयपुरातही. शिवाय मुख्य अडचण अशी की न रंगवलेला कोसा मुळातच त्या रंगाच्या जवळचा. बेज भिंतीपुढे टांगला की संपला. त्याखाली एक 'नागपूर' नावाचा फोल्डर : संत्री, वाघ, झिरो माइलचे घोडे. तो मी उघडून बंद केला. नारिंगीशी माझं वैर नाही, पण बर्फीच्या डब्यापासून ट्रॅव्हल्सच्या बसपर्यंत इथं सगळ्यांनी तो वापरून झालाय.

आज लॅपटॉप घरीच ठेवला आणि दिवसभर दुकानात बसले. गिऱ्हाइकानं रंग विचारला की काका साडी उचलतात, काउंटरच्या बाहेर येतात, चपलांचा ढीग ओलांडून दारात जातात आणि पदर उन्हाकडे धरतात. "हं, आता पाहा." प्रत्येक वेळी हेच. त्यांना विचारलं तर म्हणाले, "आत रंग समजत नाही ना बेटा."

वर पाहिलं. सगळ्या ट्यूब ६५०० केल्विनच्या, पांढऱ्याफेक (केल्विनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). त्या उजेडात निळा भाग जास्त, त्यामुळे कोशाचा मधाळ सोनेरी रंग राखेसारखा होतो. आणि स्वस्त एलईडीत गडद लाल नीट उमटत नाही, म्हणून काठाचा कुंकवाचा लाल काताच्या तपकिरीकडे झुकतो. म्हणजे दुकानातला सगळ्यात महागडा माल दुकानातच मार खातोय, आणि आम्ही पाटीच्या अक्षरांवर चर्चा करून राहिलो!

दारात एक करवती काठाची साडी मीही हातात घेतली, काठावर करवतीसारखे दाते असलेली. अंग कोशाचं, जरा खरखरीत, मधेच धाग्यात गाठ. काठ सुती. बोट अंगावरून काठाकडे सरकवलं की करवतीच्या दातांपाशी पोत बदलल्याचं डोळे मिटूनही कळतं. दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक असे तीन धोटे चालवून विणतात आणि आडवे धागे त्या दातांपाशी एकमेकांत अडकवतात, म्हणून काठ शिवल्यासारखा वाटत नाही. हा सांधा मला पाटीवर हवाय, पिशवीवर हवाय.

मग जमवाजमव. काकांच्या खणात कोशाच्या अळीचे दोन कोष सापडले, फांदीला लटकायचा कडक देठ अजून शाबूत. ही अळी ऐन आणि अर्जुनाच्या पाल्यावर वाढते, भंडारा-गडचिरोलीकडे. तिथून भिंतीचा रंग सुचला : ऐनाच्या भेगाळलेल्या सालीचा काळपट राखाडी. त्यावर कोसा असा उठतो की बास. ए-टू सनबोर्डवर डबल टेपनं कोष, कापडाचा तुकडा, काठाची कात्रण, शेड कार्डाची पट्टी आणि लॅमिनेटचे नमुने लावले. ट्यूबखाली पट्टीशी तंतोतंत जुळलेलं लॅमिनेट दारात नेलं तर हिरवट निघालं. याला मेटामेरिझम म्हणतात. एका उजेडात जुळलेले रंग दुसऱ्यात जुळतीलच असं नाही. ते लॅमिनेट तिथंच बाद. स्क्रीनवर हे कधीच कळलं नसतं.

संध्याकाळी दोघांना बोर्ड दाखवला.

काका बराच वेळ बघत होते. "काळी भिंत करून राहिली का बेटा तू? अन् लक्ष्मीपूजन कुठं मांडाचं?"

"बाबा, काळी नाही, राखाडी आहे," ताई.

"राखाडी म्हणजे काळीच."

अर्धा तास त्यातच गेला, आणि तो अर्धा तास मला दिवसातला सगळ्यात कामाचा वाटला. गादीमागची भिंत फिकट पिवळसर राहील, देव तिथेच. बाकी दोन भिंती सालीच्या रंगाच्या. पितळी दिव्याचा फोटो काकांनी स्वतःच उपटला : "हे रोज पुसन कोण?" ताईंची कमान मात्र राहिली, ट्रायल रूमच्या दारापुरती. मला ती आवडत नाही, पण बोर्ड माझ्या एकटीचा नाही.

उद्या इलेक्ट्रिशियनला ४००० केल्विनचे, ९० च्या वर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, शंभरपैकी) असलेले दोन दिवे आणायला सांगितलंय. आधी ते लावून बघायचे, मगच रंगाचा डबा. काका म्हणतात, "दिवे लावा, नाही कोण म्हणते? मी तरी गिऱ्हाइकाले दारातच नेईन." म्हणून प्लॅनमध्ये एक ओळ वाढवली : चपलांची रॅक दारातून हलवून जिन्याखाली.