तुम्ही विचारलंत म्हणून: मंडळाच्या खरेदीवरचा सेल्स टॅक्स

न्यू जर्सीतून पूजासाहित्याचे ऑनलाइन दुकान चालवताना महाराष्ट्र मंडळांचे आणि मंदिरांचे खजिनदार मला नेहमी विचारतात, की आमची संस्था ५०१(सी)(३), म्हणजे आयकरातून सूट मिळालेली ना-नफा संस्था आहे, तर आमच्या खात्यावर करमाफीची खूण एकदाच का करून टाकत नाही?

बहुतेक दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी खूण करण्याची सोय असते. तरीही मी ती करत नाही, कारण माल कोणत्या राज्यात जाणार, तो कशासाठी घेतला आणि पैसे कोणी भरले, यांवर करमाफी ठरते. ५०१(सी)(३) हा दर्जा अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आयकराचा. सेल्स टॅक्स हा राज्यांचा विषय आहे. न्यू जर्सीत ६.६२५ टक्के कर टाळायचा तर संस्थेकडे राज्याच्या कर विभागाचे एसटी-५ प्रमाणपत्र हवे, खरेदी संस्थेच्या कार्यासाठी हवी आणि पैसेही थेट संस्थेच्या निधीतून यायला हवेत. कार्यकर्त्याने स्वतःच्या कार्डाने भरून नंतर मंडळाकडून वसूल केलेले चालत नाहीत. कॅलिफोर्नियात तर ना-नफा संस्थांना सरसकट माफी नाहीच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या वेफेअर निकालापासून दुकान त्या राज्यात नसले, तरी ठरावीक विक्रीच्या पुढे तिथला कर गोळा करावा लागतो. म्हणून एकाच संस्थेची न्यू जर्सीतल्या एडिसनला गेलेली समई करमुक्त आणि कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला गेलेली करपात्र ठरू शकते.

यासाठी मी ग्राहकाच्या खात्याला प्रमाणपत्रे जोडते आणि प्रत्येकाचे राज्य, कारण, क्रमांक व मुदत नोंदवते. बिल करताना पोहोचवण्याच्या पत्त्याशी जुळणारे, मुदतीतले प्रमाणपत्र सापडले तरच कर वगळला जातो, आणि त्याचा क्रमांक त्या ऑर्डरवर कायमचा राहतो. मुदतीचे महत्त्व फ्लोरिडात विशेष जाणवते, कारण तिथल्या फेरविक्रेत्यांचे (पुन्हा विकण्यासाठी करमुक्त माल घेणाऱ्यांचे) प्रमाणपत्र दरवर्षी ३१ डिसेंबरला संपते. खात्यात प्रवेश न करता केलेल्या खरेदीवर मी माफी देतच नाही. हा काटेकोरपणा काहींना जाचक वाटतो. पण तपासणीत कागद सापडला नाही तर न घेतलेला कर दुकानदाराला भरावा लागतो, आणि लहान दुकानाला तो भार झेपणारा नसतो.

म्हणून गणेशोत्सवाची खरेदी करण्यापूर्वी प्रमाणपत्र पाठवावे आणि पैसे मंडळाच्याच खात्यातून भरावेत. कागद उशिरा आला, तर मी आधी कर घेते आणि प्रमाणपत्र योग्य असल्यास तेवढी रक्कम परत करते.