वीतभर नळी

मे महिना, सकाळची पाळी. विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात मी तेव्हा केमिस्ट होते. युनिट जुनं, २१० मेगावॅटचं. बॉयलर-टर्बाइनच्या चक्रातलं पाणी आणि वाफ थंड करून जिथे तपासायला आणतात, त्या स्वास पॅनलसमोर सात वाजता उभी राहिले आणि फीडवॉटरचा, म्हणजे बॉयलरकडे जाणाऱ्या पाण्याचा, ओआरपी वाचला. पाणी ऑक्सिडीकरणाकडे झुकलंय की क्षपणाकडे, ते सांगणारा हा आकडा. उणे १३० मिलिव्होल्ट. आदल्या सकाळी तो उणे ३२० होता.

पोटात गोळाच आला. हे पाणी वाटेत तापवणाऱ्या आमच्या लो प्रेशर हीटरच्या नळ्या तांब्याच्या मिश्रधातूच्या. अशा युनिटमध्ये ओआरपी उणे ३०० च्या खाली राहिला तर तांबं आपल्या जागी राहतं. वर चढला की ते सुटतं, वाफेबरोबर जातं आणि टर्बाइनच्या पात्यांवर बसतं.

ओआरपी मोजणारा प्लॅटिनमच्या तारेचा इलेक्ट्रोड खराब असेल म्हणून तो काढून झोबेल द्रावणात, म्हणजे ज्याचा ओआरपी आधीच माहीत असतो अशा तपासणीच्या द्रावणात, बुडवला. २३० च्या आसपास यायला हवा होता, तसाच आला. म्हणजे इलेक्ट्रोड ठणठणीत. फीडवॉटरच्या लाइनवरचा ऑक्सिजन मीटर पडदा नसल्यानं आठवडाभर बंद होता, त्यामुळे ताडून बघायची सोय नव्हती. सरांना फोन केला. ते म्हणाले, "हायड्राझिन वाढव, डीएरेटरचा व्हेंट बघायला सांग, मी येतो." डीएरेटर पाण्यातला ऑक्सिजन बाहेर काढतो, आणि उरलेला खायला पाण्यात हायड्राझिन सोडतात. मी डोस जवळजवळ दुप्पट केला.

दोन तासांत ओआरपी जेमतेम १५ मिलिव्होल्टनं खाली आला. पीएच मात्र ९.१ वरून ९.३ वर गेला, कारण जास्तीचं हायड्राझिन बॉयलरमध्ये फुटून अमोनिया तयार होत होता. आणि अमोनियाच्या जोडीला ऑक्सिजन असला तर तांब्याची धडगत नसते. ज्या तांब्याला वाचवायला डोस वाढवला, त्याच्याच जिवावर मी उठले होते. पोलादी पाइपांची काळजी वेगळीच. पाण्यात ऑक्सिजन अगदीच उरला नाही तर वळणांवर वाहत्या पाण्यानं मॅग्नेटाइटचा, म्हणजे पोलादाला जपणाऱ्या लोहाच्या ऑक्साइडचा, थर विरघळत जातो आणि पाइप आतून पातळ होतो. १९८६ च्या डिसेंबरात अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या सरी अणुवीज केंद्रात असाच पातळ झालेला फीडवॉटरचा पाइप फुटला आणि चार कामगार गेले. त्या सकाळी ते सारखं डोक्यात येत होतं.

सर आले, डोस पहिल्यासारखा करायला लावला आणि पॅनलजवळ बराच वेळ नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "नमुन्याचा प्रवाह वाढव." मिनिटाला १५० मिलिलिटर होता, मी ३०० केला. ओआरपी खाली सरकायला लागला. वीस मिनिटांत उणे १९०. पुन्हा प्रवाह कमी केला, आकडा परत वर.

तेव्हा मला उमगलं. ऑक्सिजन मुळात फीडवॉटरमध्येच असता तर पाणी हळू आलं काय नि जोरात आलं काय, ओआरपीत एवढा फरक पडला नसता. तो वाटेत शिरत होता. पाणी जितकं रेंगाळेल तितका जास्त.

पॅनलच्या मागे गेलो. कूलरनंतरच्या व्हॉल्व्हपासून इलेक्ट्रोडच्या सेलपर्यंत पांढरट, मऊ सिलिकॉनची नळी. वीतभर असेल. लॅबमधले काका म्हणाले, "ते नळी मीच बदलवली जी काल. जुनी तडकली होती नं." नळी गळत नव्हती, जोडही घट्ट होते. पण सिलिकॉनमधून ऑक्सिजन सहज आरपार जातो. पाणी बाहेर येत नाही, हवा मात्र आत जाते. सरांनी ऑक्सिजन मोजायच्या काचेच्या अँप्यूल आणवल्या. नळीच्या आधी, व्हॉल्व्हवर ऑक्सिजन १० पीपीबीच्या (अब्जात दहा भागांच्या) आत. नळीनंतर साधारण ६०.

साठ पीपीबी म्हणजे किती? हवेत उघड्या ठेवलेल्या पाण्यात २५ अंशांना आठ हजारांच्या वर असतो. त्यापुढे हा चिमूटभरही नाही, पण फीडवॉटरमध्ये प्लॅटिनमला ओढणारं दुसरं असतंच काय? थोडा अमोनिया आणि काही पीपीबी हायड्राझिन. थंड नमुन्यात हायड्राझिन ऑक्सिजनला फार सावकाश खातं, म्हणून दोघंही एकाच वेळी तारेपाशी पोचतात आणि तार त्या ओढाताणीतलं मिश्र विभव दाखवते. नर्न्स्टच्या समीकरणानं ऑक्सिजन दहापट झाला तर विभव १५ मिलिव्होल्टनं हलावं. आमचं १९० नं हललं, कारण इथे एका जोडीचा समतोल नव्हताच. झोबेल द्रावणात फेरोसायनाइड आणि फेरीसायनाइड ही विभव ठरवणारी जोडी इतकी असते की ऑक्सिजनच्या लेशाला तिथे कोणी विचारत नाही. म्हणूनच सकाळी इलेक्ट्रोड पास झाला, आणि मी त्या पास होण्यावर सगळा भरवसा टाकला.

एक गोष्ट मला अजून लागून आहे. ती नळी चुकीची आहे हे काकांना कळायचा काही मार्गच नव्हता. स्टोअरमध्ये तीच होती, आणि नळीनं काय फरक पडतो ते आम्ही केमिस्टांनी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

दुपारी स्टीलची नळी बसवली. ओआरपी लगेच नाही उतरला. प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर बसलेला ऑक्सिजन इतक्या शुद्ध पाण्यात निघायला वेळ घेतो. चार वाजता उणे २४०, सातला उणे ३१०. माझी पाळी केव्हाच संपली होती, पण मी थांबले.

काकाही थांबले होते. "मंग बाकीच्या लाइनी पाहून घ्याच्या का, मॅडम?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघं टॉर्च घेऊन पॅनलच्या मागे शिरलो. तसल्याच आणखी दोन नळ्या निघाल्या, एक कंडेन्सेटच्या लाइनवर आणि एक मुख्य वाफेच्या.