टोइंगवाल्याने मोडलेला बंपर

खंबाटकी घाटात गाडी तापून बंद पडली, त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. संताप आला तो पुढच्या प्रकाराचा. गाडी ओढण्यासाठी असलेल्या टो-हुकची जागा दाखवूनही क्रेनवाल्याने साखळी थेट चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मला गुंडाळली. पुण्यात गाडी उतरवली तेव्हा बंपरची डावी बाजू क्लिपांतून निसटून लोंबत होती, खालचं प्लॅस्टिक कव्हर फाटलं होतं आणि आर्मवर साखळीच्या कड्यांचे चकचकीत ओरखडे होते.

"साहेब, हे आधीचंच असेल."

गाडी क्रेनला लावण्याआधी काढलेले फोटो मी तिथेच त्याच्यासमोर धरले. मग पावतीच्या मागे नुकसान लिहून त्याची सही घेतली. टोइंग कंपनी मात्र अजूनही 'जबाबदारी गाडीमालकाची' या छापील ओळीवर अडून बसली आहे. आपलं काम नीट करायची जबाबदारी अशी कागदावर छापून झटकता येते का?

विम्याचा क्लेम केला तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, माझा जाणार. दुसऱ्याच्या हलगर्जीपणाची किंमत मी का मोजू? वर्कशॉपचं लेखी एस्टिमेट जोडून टोइंग कंपनीला रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ही सेवेतली त्रुटीच. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही, दोन वर्षांच्या आत करता येते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार.