एच अजून मोजायचा कशाला?

एच, म्हणजे प्रकाशाच्या वारंवारितेवरून त्याची ऊर्जा सांगणारा प्लँकचा स्थिरांक, पोरांना प्रयोगशाळेत अजून का मोजायला लावता, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी हसून वेळ मारून नेते. एकदा तर लक्ष्मी रस्त्यावर, साडीच्या दुकानात, जुन्या विद्यार्थ्याने गाठलं: ‘मॅडम, २० मे २०१९पासून प्लँकचा स्थिरांक ठरवूनच टाकलाय ना? ६.६२६०७०१५ गुणिले दहाचा उणे ३४वा घात, पुढे एकही अंक नाही. मग पोरांना अजून मोजायला का लावता?’

अभ्यासक्रमात आहे म्हणून. हे सांगायची लाज वाटते, म्हणून इतकी वर्षं ‘मोजल्याशिवाय विश्वास कसा बसेल?’ असं म्हणत आले. आता तेही गेलं. किलोग्रॅमच त्या आकड्यावर बसवलाय, व्होल्टमीटरवरचा व्होल्टसुद्धा. उत्तर चुकलं तर एच चुकत नाही. आपली पेटी, आपला फिल्टर, आपला पडदा चुकतो.

पडदा म्हटलं की ती मुलगी आठवते. २०१९च्या आधीचा एप्रिल, दुसऱ्या कॉलेजात प्रॅक्टिकलला मी एक्स्टर्नल परीक्षक. दिवा, प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणारा फोटोसेल, पाच रंगांचे फिल्टर. तिने स्टॉपिंग पोटेन्शियलचा, म्हणजे ते इलेक्ट्रॉन थोपवायला लागणाऱ्या व्होल्टेजचा, वारंवारितेशी आलेख काढला, चढाला ई-ने, इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराने, गुणलं. उत्तर ४.९. मी जर्नल परत सरकवलं.

‘परत घे.’

‘मॅम, तीनदा घेतलं.’

‘मग चौथ्यांदा.’

वीस मिनिटांत ६.६१. पाचही बिंदू रेषेवर ओवल्यासारखे. याच प्रयोगामागचं आईनस्टाईनचं समीकरण खोटं ठरेल या आशेने मिलिकन हा अमेरिकन शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं खपला आणि १९१६ साली ६.५७वर पोचला, हिने त्यालाही मागे टाकलं. मी भरभरून मार्क दिले. ती माझ्याकडे बघत नव्हती.

निघताना पर्स घ्यायला वळले तर काळ्या पडद्याला फट, आणि उन्हाची तिरीप थेट फोटोसेलच्या पेटीवर. उन्हातला निळा प्रकाश आत शिरला की लाल-पिवळ्या फिल्टरचं पोटेन्शियल वाढीव येतं, निळ्याचं फारसं बदलत नाही, चढ कमी होतो. उत्तर कमीच यायला हवं होतं. तिने ती फट मोजली होती, आणि मी ती खोडायला लावली.

आता माझीही बाजू ऐका. ४० मुलं, दोन सेट, संध्याकाळच्या आत मार्कांचं पाकीट सील. पडदाही त्या कॉलेजचा. (परीक्षक मात्र मीच.) शिवाय एस.वाय.ला असताना अप्पा बळवंत चौकातून कुणाचं तरी जुनं जर्नल आणून मीही उत्तरावरून रीडिंग मागे नेली होती, आणि त्याला हुशारी समजत होते. ‘सगळेच करतात,’ असं ती तेव्हाची मी अजून म्हणते. तिला गप्प करावं असं वाटतं, पण कुठल्या तोंडाने?

गेल्या महिन्यात एकाला ५.३ आला. मी आधी खिडकी बघितली. पडदा घट्ट होता. फिल्टर पुसले, मीटरचा झीरो बघितला, काही सापडेना. मागे बारा जण ताटकळत उभे.

‘परत घे,’ म्हटलं.