चांदणी धरणारा

डिसेंबरची दहा तारीख उलटली की आमच्या चर्चच्या तरुण संघात पहिला प्रश्न असायचा, "टेम्पो कुणाचा?" गाणी कोणती, ढोलकीला कोण, हे सगळं मागाहून. टेम्पो ठरला की कॅरोल, म्हणजे घरोघरी जाऊन नाताळची गाणी म्हणणं, झाल्यातच जमा.

मंडळी, म्हणजे आमचं चर्च, नाना पेठेतली, पण माणसं घोरपडी, वानवडी, येरवडा अशी थेट खडकीपर्यंत पांगलेली. तीन रात्रींत सगळी घरं उरकायची. पाचवीत असताना मी हट्टानं टेम्पोत चढलो, पण माझा आवाज म्हणजे फुटका पत्रा. संघाच्या दादानं दुसऱ्याच घरी ते ओळखलं आणि गुपचूप चांदणीची काठी माझ्या हातात दिली. "तू ही धर. सरळ धर. बाकी काही नको." त्या "बाकी काही नको"चा अर्थ कळायला मला चार घरं लागली.

पण चांदणी हे साधं काम नव्हे. कामट्या बुरुड आळीतून आणायच्या. पाच टोकांचे दोन सांगाडे बांधायचे, टोकाला टोक जुळवून सुतळीनं आवळायचे आणि मध्ये बोटभर काटक्या अडकवून पोट फुगवायचं. वर पतंगाचा कागद, मैद्याच्या खळीनं चिकटवलेला. खळ पातळ झाली तर कागद सुरकुततो, जाड झाली तर गुठळ्या दिसतात. वर्षभर चांदणी वेस्ट्रीतल्या, म्हणजे चर्चमधल्या पाळकांच्या खोलीतल्या, कपाटावर पडून असायची आणि खळीच्या वासानं उंदीर दर वर्षी तिचा निकाल लावायचे. त्यामुळे दर वर्षी चांदणी नवी. हे माझ्या पथ्यावरच पडलं म्हणायचं.

घराघरांत फराळ असायचा. करंज्या, शंकरपाळी, चिवडा, बेकरीत भाजून आणलेला रवा केक. आणि चहा, चहा, चहा. गुरुवार पेठेत पंचहौदच्या त्या चर्चपासून सुट्या उभ्या असलेल्या घंटेच्या मनोऱ्याखाली टेम्पो आला की दादा न चुकता सांगायचा, "१८९० साली इथं मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांवर बहिष्काराची पाळी आली होती. आणि तुम्ही लेको एका रात्रीत बारा कप पिता!"

मी बारावीत असताना ऑगस्टमध्ये बाबा गेले. घरातली प्रार्थना थांबली. कोणी थांबवली नाही, थांबली. रविवारी आई एकटीच उपासनेला जायची. दृढीकरणाच्या, म्हणजे मोठेपणी स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गाला मी नाव दिलं होतं, ते काढून घेतलं. पाळकसाहेबांनी का म्हणून विचारलं नाही, वहीतल्या नावावर रेघही मारली नाही. पुढे पेन्सिलीनं नुसतं "पुढल्या वर्षी" लिहिलं.

त्या डिसेंबरात कॅरोल आमच्याकडे येणार नाही असंच धरलं होतं. दुःखाच्या घरी ढोलकी कशी वाजवणार? रात्री दीडच्या सुमारास कोपऱ्यावर टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. दार उघडलं तर वीसेक माणसं जिन्यात चपला काढत होती, अनवाणी, आवाज न करता. पेटीवाल्या मावशींच्या हातात दुधाची पिशवी. त्या थेट आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि आईला म्हणाल्या, "तू बस गं, आज चहा मी टाकते." मग सगळ्यांनी मिळून ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एकच भजन म्हटलं, वाद्याशिवाय, जवळजवळ पुटपुटल्यासारखं. बाबांना आवडायचं ते. चांदणी एका लहान पोरानं धरली होती, तीही वाकडी. मला राहवलं नाही, मी उठून सरळ केली.

जाताना मावशींना मी जिन्यातच गाठलं आणि म्हटलं, माझा आता विश्वास नाही. वाटलं होतं रागावतील, नाहीतर एखादं वचन सांगतील. त्या चपलेचा अंगठा शोधत म्हणाल्या, "अरे, रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली, त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, १९०० साली. पाच वर्षं लागली तिला, आणि घरात एवढा मोठा कवी बोलायला होता! तू कशाला घाई करतोस? उद्या खडकीला ये. चांदणी धरायला माणूस नाही."

गेलो. नुसती काठी धरायला गेलो. पुढल्या वर्षीही तसंच. दृढीकरण पुन्हा टाळलं, पाळकसाहेबांची पेन्सिल पुन्हा चालली. मला नक्की कधी काय झालं ते सांगता येत नाही. येरवड्याला अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांच्या खिडकीत चांदणी धरून उभा होतो आणि सगळे गात असताना आपणही गातोय हे अर्ध्या कडव्यानंतर ध्यानात आलं, एवढं आठवतं. दादानं वळून पाहिलं. थांबवलं मात्र नाही.

तिसऱ्या वर्षी बिशपसाहेब नाताळच्या आदल्या रविवारी आले. आम्ही नऊ जण ओळीनं गुडघे टेकून होतो, बाकीची आठ पोरं माझ्याहून लहान. आदल्या रात्री उशिरापर्यंत चांदणी चिकटवत बसलो होतो आणि सकाळी एक कागद सुटलेला दिसला म्हणून घाईत पुन्हा खळ लावली होती. बिशपसाहेबांचा हात डोक्यावर आला तेव्हा माझी जोडलेली बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली. उठताना ती सुटेनात. पेटीमागून मावशी डोळे वटारून बघत होत्या आणि हसूही दाबत होत्या.